मीठच तर आहे!

सोमवारी आलेल्या गोणीत मीठ नव्हते, शिळा होती. वीस किलोंची, कोपरे बसलेली, करंगळी जाईल एवढे भोक पडलेली आणि एका अंगाने घामेजलेली. कुरियरच्या मुलाने ती फाटकाच्या खांबाला टेकवून नेमकी पन्हाळीच्या धारेखाली ठेवली होती आणि चार पायऱ्या चढून व्हरांड्यात येण्याऐवजी 'डिलिव्हर्ड' असा संदेश पाठवून तो मोकळा झाला होता. मी म्हापशाहून परत येईपर्यंत आषाढातल्या पावसाने आपले काम चोख बजावले होते. संध्याकाळी फोन करून त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने अत्यंत निरागसपणे मलाच समजावले, "काका, मीठच तर आहे!"

ज्यांनी घरात समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायला खाऱ्या पाण्याची टाकी लावली आहे आणि जे तिच्यासाठी असल्या खास मिठापासून समुद्राचे पाणी बनवतात, त्यांना या तीन शब्दांनी काय होते ते सांगायला नको.

तरीही हातोडी घेऊन मी ती शिळा फोडली, तिचे काही तुकडे आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेल्या, शून्य टीडीएसच्या पाण्यात घातले आणि पंप लावून रात्रभर फिरत ठेवले. सकाळी बादलीत ताकासारखे पांढरे पाणी होते आणि तळाशी नखाने खरवडूनही न निघणारी पुटे बसली होती. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मोठ्या दिमाखात समुद्राइतकी ३५ दाखवत होता, कारण सोडियम क्लोराइड कितीही भिजले तरी कुठे पळून जात नाही. अल्कलिनिटीच्या, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटच्या, चाचणीने मात्र पाच डीकेएचलाच (हे तिचे माप) रंग बदलला, आणि गोणीवर छापले होते आठ. ओल शिरली की गोणीतल्या गोणीतच कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गाठ पडते, त्यांची चुनखडी होते, आणि ती चुनखडी पुढे कितीही ढवळली तरी पाण्यात परत येत नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी या मिठाला मिठाच्या कित्येक पट किंमत मोजायची, त्याच दोन गोष्टी बादलीच्या बुडाला चिकटून बसलेल्या. मला चुनाच हवा असता, तर तो पानाच्या गाड्यावर फुकट मिळाला असता.

आणि हे कधी घडावे? टाकीची सायकल, म्हणजे मासे आणण्याआधी अमोनिया पचवणारे जीवाणू वाढवण्याची तयारी, नुकतीच पुरी झाली होती. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट चाळीसच्या घरात, आणि त्या जीवाणूंनी आपले काम करताकरता टाकीतली अल्कलिनिटीही खाऊन टाकलेली. आता निम्म्याहून अधिक पाणी बदलायचे आणि मग क्लाउनफिशची जोडी आणायची, एवढेच उरले होते. दुकानदाराने जोडी राखून ठेवली आहे आणि रोज तो ज्या सुरात चौकशी करतो, त्यावरून ती फार काळ राखलेली राहील असे वाटत नाही.

मग मी विक्रेत्याला लिहिले. सभ्य भाषेत, फोटो जोडून, चाचणीचा आकडा देऊन, गोणीवरचा बॅच क्रमांक टाकून. उत्तर आले की पार्सल उघडतानाचा अखंड, कुठेही न कापलेला व्हिडिओ पाठवल्याशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही. अहो, फुटक्या गोणीचे मी उघडायचे काय? भर पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून, तिसऱ्या हाताने वीस किलोंची गोणी फिरवून तिच्या चारही बाजू दाखवायच्या, आणि हा सोहळा मी चित्रित करून ठेवला असेल असे गृहीत धरणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी पार्सल घेतले आहे की नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारलाही. त्यावर दुसरे पत्र आले. त्यात, मीठ हा स्वभावतःच आर्द्रता शोषणारा पदार्थ असल्यामुळे त्याचे गठ्ठे होणे हा दोष मानता येत नाही, असे मला कळवण्यात आले होते, आणि वर सल्ला होता की ते गरम पाण्यात विरघळवून पाहावे. गरम पाण्यात! पाणी जितके गरम तितकी चुनखडी अधिक लवकर खाली बसते, हे रीफचे, म्हणजे प्रवाळाच्या टाकीचे, मीठ विकणाऱ्याला मी शिकवायचे? पत्राच्या शेवटी 'हॅपी रीफिंग' असे लिहून पुढे एक हसरा मासा काढलेला होता. त्या माशाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. इतक्या तुच्छतेने माझ्याकडे आजवर जिवंत मासाही हसलेला नाही.

पण त्या मुलाला आणि त्या विक्रेत्याला तरी किती दोष द्यायचा, कारण मीठ म्हटले की गोव्यात प्रत्येकाला त्यातले सगळे कळते. आगरवाड्याचे मामा पहिल्या दिवसापासून मला वेड्यात काढत आहेत. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, जाडे मीठ घरात कणगीभर पडलेले असताना हा भाचा गोणीतले मीठ परगावाहून मागवतो, हा त्यांना त्यांच्या गावच्या मिठागरांचा अपमान वाटतो. मी त्यांना समजावले होते की आगरात पाणी आटताना चुन्याचे क्षार आधीच खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडू पाण्यात राहते, जे कोणी घरी आणत नाही. म्हणून ते मीठ कढीला उत्तम आणि प्रवाळाला निरुपयोगी. मामांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग समुद्रातल्या माशांना हे कोण आणून घालतो?"

यापुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो विचारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपण अमेरिकेचा शोध लावल्याचे तेज असते. समुद्र इथे हाकेच्या अंतरावर असताना पाणी कसले बनवत बसलास? दोन कॅन भरून आण की! मांडवी आणि जुवारी या दिवसांत कोणत्या रंगाच्या वाहतात हे ज्यांनी पूल ओलांडताना रोज पाहिले आहे, तीच माणसे हे सांगतात. अख्ख्या घाटमाथ्याचा तांबडा चिखल आणि खाणींचा गाळ घेऊन या नद्या समुद्राला मिळतात, त्यांच्या मुखाशी पावसाळ्यात क्षारता कोसळते, आणि त्यात किनाऱ्यावरच्या वस्तीचे काय काय मिसळते याचा विचार जेवणाच्या आधी करू नये. त्यातच कोणी एक हुशार भावोजी निघतात, जे ग्रँड बेटाजवळ डायव्हिंगला गेलेले असतात आणि तिथून प्रवाळाचा एखादा तुकडा तोडून आणायला काय हरकत आहे असे विचारतात. हरकत १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आहे, भावोजी. दगडी प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे. वाघाचे पिल्लू आणून द्या म्हटले, तर आणाल का?

या सगळ्याच्या मुळाशी 'नवशिक्यांसाठी सोपी' हे दोन शब्द आहेत, आणि ज्याने ते प्रथम लिहिले त्याला एक मे महिना माझ्या बैठकीच्या खोलीत काढायला लावले पाहिजे. साठ लिटरची टाकी म्हणे सोपी, कारण ती छोटी. छोटी टाकी छोट्या चुकीलाही क्षमा करत नाही. शे-दोनशे लिटरच्या टाकीत जे पाण्यात विरून जाते, ते साठ लिटरमध्ये संध्याकाळपर्यंत आकड्यांत दिसते. आणि त्या नवशिक्यांच्या संचात काय येते, तर हीटर! पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचे आणि खोलीचे तापमान बत्तीस, अशा घरात मी हीटरचे करू तरी काय? व्हिडिओतले गोरे गृहस्थ स्वेटर घालून सांगतात की पाणी तापले तर वरून एक छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने ते आपोआप निवते. निवेल ना, हवा कोरडी असेल तर. इथे दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही वाळत नाही, तिथे पाण्याची वाफ हवेत शिरणार कुठून? उरतो चिलर, ज्याची किंमत टाकी, दिवा, दगड आणि पंप यांच्या बेरजेहून जास्त आहे, आणि जो टाकी थंड करताना खोली तापवतो, म्हणून मग एसी लावायचा. सोपी!

क्षारता मोजायच्या त्या काट्याच्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरबद्दल मी मुद्दामच काही लिहीत नाही, कारण रक्तदाबाची गोळी रात्रीच घ्यायची असते. एक बुडबुडा काट्याला चिकटला की तीच बादली अरबी समुद्र होते आणि दुसऱ्या वेळी गोडे तळे. पस्तीसच्या प्रमाणित द्रावणाने रिफ्रॅक्टोमीटर जुळवून घ्या आणि ते काट्याचे खेळणे मुलांना द्या.

एवढा थयथयाट करून झाल्यावर मी टाकीकडे पाहतो, तेव्हा मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे की तिच्यात काहीही नाही. दगड आहेत. वाळू आहे. पांढऱ्या वाळूवर डायटम या सूक्ष्म शेवाळाची तपकिरी साय धरली आहे, जिच्याकडे पाहून मी एकटाच आनंदी झालो होतो, कारण ती वेळेवर आली. घरी येणारे प्रत्येक माणूस काचेला नाक लावून "मासे कुठे आहेत?" असे विचारते आणि मला सांगावे लागते की सध्या आम्ही जीवाणू पाळले आहेत. त्या जीवाणूंसाठी वीज गेली की मी मध्यरात्री उठून बॅटरीचा एअर पंप लावतो. आमच्या वाड्यावर विजा चमकायच्या आधीच वीज जाते, त्यामुळे हा पंप आता उशाशीच असतो. परवा तो लावून झाल्यावर, टॉर्चच्या उजेडात थर्मामीटर बघताना माझ्या लक्षात आले की मी दिसतही नसलेल्या जिवांना एक अंशाने उकडू नये म्हणून घामाने निथळत उभा आहे, आणि त्याच रात्री मी चार तळलेले बांगडे, त्यांना कोणत्या तापमानात ठेवले होते याची चौकशी न करता, काट्यासकट चोखून खाल्ले होते. बायकोने झोपेतच विचारले, "कसे आहेत ते?" मी सांगितले, बरे आहेत. तिने कोणाबद्दल विचारले होते, कोण जाणे.

चवथीला घर भरेल, गावची आणि मुंबईची मंडळी येतील आणि गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालून सगळी पोरे सरळ या टाकीकडे धावतील, म्हणून तोवर तिच्यात हलणारे काहीतरी असावे एवढीच माझी माफक इच्छा होती. त्यासाठी आता दुसऱ्या विक्रेत्याकडून मीठ मागवले आहे, यावेळी गोणीतले नाही, झाकणाच्या बादलीतले, आणि पत्त्याच्या रकान्यात 'कृपया व्हरांड्यात, छपराखाली ठेवावे' असे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिले आहे. आजच्या संदेशानुसार ते बेळगावात आहे. कालच्या संदेशानुसारही ते बेळगावातच होते. चोर्ला घाटात दरड कोसळली की ते किती दिवस तिथे राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

जुन्या गोणीचे काय करायचे, हा प्रश्न शेजारच्या काकांनी परस्पर सोडवला. माडाच्या बुंध्याशी मीठ घालायचे दिवस आहेतच, तेव्हा फुकट जाण्यापेक्षा द्या इकडे, असे म्हणून त्यांनी ती चारचाकी गाड्यावरून नेली आणि कुंपणाजवळच्या तीन माडांना ओंजळी ओंजळीने वाटून टाकली. संपूर्ण बार्देशात एवढे महागडे मीठ खाल्लेला माड दुसरा नसेल. मी दात-ओठ खात पाहत होतो. काल त्यांनी गडग्यावरून मान काढून मला हाक मारली आणि विचारले, "बाबा, पुढची गोणी कधी भिजते?"