बुडापेस्टच्या पाण्याने मधुमेह जात नाही

आत्या परवा फोनवर म्हणाली, "बुडापेस्टला पोचले की चार दिवस गोळ्या बंद." पुढच्या महिन्यात ती टूरबरोबर जातेय आणि कुणीतरी तिला फॉरवर्ड पाठवलाय: हंगेरीचं संगीत म्हणजे जिप्सींनी तिकडे नेलेलं आपलं रागसंगीत, तिथली लोकगीतं भूपात आहेत, तिथल्या लोकांना अंघोळ तुर्कांनी शिकवली, आणि तिथल्या गरम कुंडात रोज तीन तास बसलं की मधुमेह मुळासकट जातो. आत्या पंचवीस वर्षं गाणं शिकवते. रागांचा मुद्दा तिला सुखावून गेला, म्हणून पाण्याचाही पटला. मला चीड येते ती याची.

पाण्याचं आधी. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहाची मूळ विहीर १८७८ मध्ये ९७० मीटरपर्यंत खणून झाली. पाणी वर आलं ते सुमारे ७४ अंशांचं. रुदास या तिथल्या दुसऱ्या स्नानगृहातलं सगळ्यात कढत कुंड ४२ अंशांचं असतं. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळतही नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या फैलावतात, रक्तदाब उतरतो, उठताना भोवळ येते. इन्शुलिन घेणाऱ्याच्या अंगात ते गरम पाण्यात लवकर भिनतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. अशा पाण्यात तीन तास? आणि वर गोळ्या बंद? हे लिहिणाऱ्याने कुणाच्या तरी आईचा, आत्याचा जीव धोक्यात घातलाय. सांध्यांना त्या पाण्याने आराम पडतो, हे मान्य. हंगेरीत डॉक्टर संधिवाताच्या रुग्णांना असे स्नानोपचार लिहूनही देतात. पण तो उपचार सांध्यांचा, तोही डॉक्टरने ठरवून दिलेला. मधुमेहाचा त्यात काही संबंध नाही.

तुर्कांचं थोडक्यात. रुदासचा घुमट आणि त्याखालचं अष्टकोनी कुंड सोळाव्या शतकातलं, ऑटोमन काळातलं, हे खरंच. पण तुर्कांनी बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, घेतलं १५४१ मध्ये. त्याच्या हजारांहून अधिक वर्षं आधी रोमनांचं अक्विंकुम शहर तिथेच वसलेलं होतं, आणि त्यांच्या स्नानगृहांचे अवशेष आजही बुडापेस्टच्या ओबुडा भागात बघायला मिळतात.

आता संगीत. रोमा लोकांचं, म्हणजे फॉरवर्डमधल्या 'जिप्सीं'चं, मूळ भारतात आहे, त्यांच्या भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात; इथवर फॉरवर्ड बरोबर. पुढचं सगळं हंगेरियन संगीतकार बेला बार्तोकच्या १९३१ च्या एका लेखाने निकालात निघतं. बार्तोक आणि त्याचा संगीतकार मित्र झोल्तान कोदाय १९०६ पासून फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपणारं यंत्र, घेऊन खेडोपाडी फिरले, शेतकऱ्यांची गाणी गोळा केली. त्या लेखात बार्तोक स्वच्छ सांगतो: हॉटेलांत रोमा वादक जे वाजवतात ते हंगेरियनांनीच रचलेलं, शहरी लोकप्रिय संगीत आहे. रोमांची स्वतःची, स्वतःच्या भाषेतली गाणी वेगळीच. ती ते घरी गातात, तोंडाने ठेका धरून, पत्र्याचा कॅन आणि चमचे वाजवून. फॉरवर्डने त्यांना मान दिल्यासारखं केलं आणि त्यांचं खरं गाणंच पुसून टाकलं.

राहिला 'हंगेरियन लोकगीतं भूपात आहेत' हा दावा. आत्या, पेटी काढ. त्यांची जुनी गाणी पाच स्वरांची असतात खरी, पण ते स्वर वाजवून बघ: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. तुझ्या कानाला भूप नव्हे, धानी राग ऐकू येईल. पण म्हणून ते आपल्याकडून गेलं असं होत नाही. तशीच पाच स्वरांची गाणी कोदायला रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या मारी लोकांत सापडली, आणि हंगेरियन भाषेचे दूरचे नातलग तिकडेच आहेत.

गोळ्यांची डबी हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नको. जायच्या आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, गरम पाण्यात उतरलं तर चालेल का आणि किती वेळ. मी गुरुवारी येतोय, बरोबरच जाऊ.