मेजर, टक्के राहू दे, आधी कारणाचा रकाना दाखवा

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजी नाही असं गाव सापडणं अवघड. शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. पण अपंगत्व पेन्शन ठरते कशी, हे धड सांगणारा माणूस कट्ट्यावर मिळत नाही. मिळतो तो "अमक्याला पन्नास टक्के बसले, तमक्याला का नाही" म्हणणारा.

माझं सेवा केंद्र आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला मेजर लोकांची (निवृत्त फौजी कुठल्याही हुद्द्याचा असो, गावात तो मेजरच) रांग लागते आणि दाखला झाला की पिशवीतनं दुसरा कागद हळूच बाहेर येतो. परवा एका हवालदार मामांनी मेडिकल बोर्डाची, म्हणजे फौजेतनं सुटताना अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या अहवालाची, झेरॉक्स पुढं सरकवली. एकत्रित अपंगत्व 40 टक्के, आजीवन. त्याच्याच शेजारच्या रकान्यात, पेन्शनला पात्र अपंगत्व: निल. मामा म्हणाले, "चाळीस लिवलंय की सरळ. मग पैसं कुठं अडलं?"

अडलं ते त्याच्या आधीच्या पानावर. प्रत्येक आजारापुढं तिथं दोन प्रश्न असतात. हा नोकरीमुळे झाला का? नोकरीमुळे वाढला का? दोन्हीकडं 'नाही' पडलं की पुढं चाळीस असो की ऐंशी, हातात शून्य. एकीकडं 'होय' आलं, तरच टक्क्याला अर्थ. माझ्या मते सगळा खेळ या रकान्यात आहे आणि आपली माणसं टक्क्यावर भांडत बसतात.

आता टक्क्याचं. दोन आजार असले की सरळ बेरीज होईलच असं नाही. कान आणि गुडघा यांचा परिणाम वेगवेगळा, तिथं बेरीज होते. पण गुडघा आणि त्याच पायाचा घोटा, दोन्हीचा त्रास चालण्यातच. मग बोर्ड 20 अधिक 20 चे 40 धरत नाही, कमी करतं. बऱ्याच जणांना ही लबाडी वाटते, पण नियमच तसा आहे आणि मला तो पटतो.

पैशाचा हिशेब त्यामानानं सोपा. मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून शेवटचा पगार समजा 50,000. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे 30 टक्के, म्हणजे 15,000. तीस टक्केवाल्याला त्या प्रमाणात 4,500. पण राउंडिंग मिळालं तर तिसाचे पन्नास होतात आणि रक्कम 7,500 वर जाते. पन्नासच्या आतले पन्नास, पन्नास ते पंचाहत्तरचे पंचाहत्तर, त्यावरचे शंभर. यावर महागाई भत्ता वेगळा, आणि नोकरी पूर्ण केलेल्याची नेहमीची पेन्शन आहेच. मात्र नोकरी पुरी करून आलेल्याला किमान 20 टक्के लागतात. मधुमेहाला 15 ते 19 लिहिलं की गाडी तिथंच थांबते. लढाईतल्या जखमेचे दर वेगळे आणि बरेच जास्त.

हे राउंडिंग 1996 पासून आहे, पण आजारपणामुळं मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच मिळायचं. मुदत भरून आलेल्यांना ते मिळालं सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालानं, 10 डिसेंबर 2014 ला. त्याआधी 2013 मध्ये त्याच न्यायालयाचा धर्मवीर सिंह निकाल आला होता. भरती होताना जवान धडधाकट होता, कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर नंतरचा आजार नोकरीतला मानायचा. तसा नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. कारणाचा रकाना फिरवायला याच निकालाचा आधार घेतात. पण 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झालेत आणि रक्तदाबासारख्या आजारांना ते बरेच कडक आहेत. त्यामुळं आपली निवृत्तीची तारीख कुठली हे आधी बघा, मगच कुणाच्या केसशी तुलना करा.

गावात एक कुजबूज नेहमीची. "पन्नास टक्के अपंग म्हणं, आणि ऊस तोडतोय बघ!" अरे भावा, ते पन्नास राउंडिंगचे, खरे वीस असतील. आणि रक्तदाब काय कुबडी घेऊन चालतो होय?

गैरफायदा कोणच घेत नाही असं मी म्हणणार नाही. सरकारचा हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालातही यावर बोट ठेवलंय. त्यात दिसतं की निवृत्त होताना अपंगत्व पेन्शन मिळणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांत जवानांच्या दुपटीहून जास्त आहे. आता बर्फात, खंदकात जास्त कोण झिजतो हे सांगायला नको. माझा अंदाज असा की साहेब लोकांना कागद वाचता येतो, बोर्डापुढं काय बोलायचं ते ठाऊक असतं. आपला शिपाई "सब ठीक है साब" म्हणून सही ठोकून मोकळा. ही सही व्हायच्या आधी प्रत्येकाला त्याचा हिशेब त्याच्या भाषेत एका पानावर मिळायला हवा. रेजिमेंटल सेंटरला हे काही जड नाही.

नामंजुरीचं पत्र आलं असेल तर ते कपाटात ठेवू नका. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते, मग दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. माझ्याकडं येताना नुसता पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणू नका, त्यात कारणाचा रकाना नसतो. बोर्डाची सगळी पानं आणा. हरवली असतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून मागवू, तो अर्ज मी फुकट लिहून देतो.