पाहिला, पण मधूनमधून

मी पाहिलेल्या सिनेमांची डायरी ठेवते. डायरी एका बँकेकडून फुकट आलेली. पुढच्या पानावर वर्षभराच्या सुट्ट्या, मागच्या पानावर गावोगावचे एसटीडी कोड. आत पट्टीने रकाने आखलेत: तारीख, सिनेमा, दिग्दर्शक, साल, लांबी, शेरा. सुरुवातीच्या शेऱ्यांमध्ये 'छायाप्रकाशाचा विलक्षण वापर', 'कॅमेरा पात्रांपासून अंतर राखून आहे' असलं भारदस्त काहीतरी सापडतं. लग्नाआधी एका उन्हाळ्यात पुण्यात लॉ कॉलेज रोडवर महिनाभराचा फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला होता, त्याचे हे अवशेष. प्रभात कंपनीचा स्टुडिओ जिथे होता त्याच आवारात बसून आम्ही सिनेमामागून सिनेमे पाहायचो. अंधारात कुणी खोकलं तरी चार माना वळायच्या. सिनेमा असाच पाहतात, अशी माझी तेव्हा समजूत होती.

घरी सिनेमा कसा पाहतात हे कळल्यावर एक रकाना वाढवावा लागला: व्यत्यय. त्यात खुणा असतात. 'कु.' म्हणजे कुकर, 'बे.' म्हणजे दारावरची बेल, 'फो.' म्हणजे नणंदेचा फोन (इतर कुणाचा फोन सिनेमा थांबवण्याइतका लांबत नाही) आणि 'झो.' म्हणजे झोप, माझीच. मागची पानं चाळली तर दिग्दर्शक स्वीडनचा असो, बंगालचा असो की जपानचा, 'कु.' सगळ्यांच्या वाट्याला सारखेच आलेत. आमच्या कुकरनं भेदभाव असा कधी केला नाही.

व्यत्यय सिनेमा सुरू झाल्यावर येतात म्हणावं, तर तेही खरं नाही. पाहायचं काय हे ठरवण्यातच निम्मी रात्र जाते. नवरा रिमोट घेऊन बसतो आणि लग्नाची स्थळं पाहावीत तसे सिनेमे नाकारत सुटतो. हा फार लांब, हा फार गंभीर, ह्याचं रेटिंग बरं नाही, ह्याचा हिरो चुलतभावासारखा दिसतो. शेवटी जेवण होतं, ताटं उचलली जातात आणि पडद्यावर अजून पोस्टरंच सरकत असतात. डायरीत अशा रात्रींची नोंद 'ट्रेलर (अनेक)' एवढीच आहे. मालिका लावलीच तर दोन-तीन भागांनंतर टीव्ही स्वतःच थांबून विचारतो, अजून पाहताय का? आमच्या घरात ही चौकशी करणारा तो एकटाच.

मालिकांबद्दल जास्त लिहीत नाही, जखम ताजी आहे. एक थरारक मालिका आम्ही दोघांनी मिळून पाहायची असं ठरलं होतं. मी दोन दिवस माहेरी जाऊन आले तर ती संपलेली. 'मी पाहिली नाही,' नवरा म्हणाला, 'नुसती चालू होती.' मग माझ्या शेजारी बसून त्याने सगळे भाग पुन्हा पाहिले, आणि खुनी पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा इतक्या निष्पाप चेहऱ्यानं पंख्याकडे बघितलं की मला पुढचं काही पाहायची गरजच उरली नाही.

'सेव्हन सामुराई'ची नोंद मात्र दोन पानं आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९५४चा सिनेमा, लांबी २०७ मिनिटं, आणि देवमाणसानं त्यात स्वतःच मध्यंतर घालून ठेवलंय. संगीत वाजतं, पडद्यावर अक्षरं येतात, तेवढ्यात चहा टाकता येतो. बाकीच्या जगप्रसिद्ध दिग्दर्शकांना हे का सुचलं नाही कोण जाणे.

सासूबाई सोबत बसल्या होत्या. सबटायटल्स इंग्रजी, त्यांचं वाचन मराठी, त्यामुळे मधला दुभाषा मी. सबटायटल वाचा, मराठी करा, मोठ्यानं सांगा, तोवर पडद्यावर पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली. शेतकरी गयावया करत असायचे तेव्हा आम्ही आधीच्या भांडणावर असायचो. त्यातून लेकीची मागून सूचना: 'आई, दीडच्या स्पीडवर टाक ना.' ती सगळं दीडच्या वेगानंच पाहते. लेक्चर, मालिका, एकदा तर मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा. त्यात भटजी असे काही सुटले होते की सप्तपदी धावत झाली.

गोष्ट सांगायला सोपी होती. लुटारूंना वैतागलेलं गाव, त्यांच्याशी लढायला माणसं आणायची.

'म्हणजे ठाकूरनं जय-वीरूला आणलं तसंच की,' सासूबाई म्हणाल्या.

'आई, उलटं. शोले १९७५चा. हा त्याच्या एकवीस वर्षं आधीचा.'

'असू दे. चांगलं घेतलं मग त्यांनी.'

एवढ्या थोडक्यात हा विषय आमच्या कोर्समध्येसुद्धा मिटला नव्हता.

सात जण गोळा होण्यातच तासभर जातो. नवरा 'हा कितवा?' असं दर दहा मिनिटांनी विचारत होता, पुढे 'सात भरले की हाक मार' म्हणून दूध आणायला गेला. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांची नजर भांड्यांवर होती. गावाकडे पैसे नाहीत, तेव्हा सामुराईंना पोटभर भात द्यायचा आणि स्वतः भरडधान्यावर दिवस काढायचे, असं शेतकरी ठरवतात. ते दृश्य आलं आणि सासूबाई पुढे सरकल्या. 'भगर आहे का गं ती?' मी म्हटलं, तसलंच काहीतरी. 'बरोबर. आमच्याकडंही भात पाहुण्याला. आम्हाला रोजची भाकरीच. सणाला भात मिळाला तर पोरं ताटं चाटायची.' पुढे पावसात, चिखलात जी लढाई होते, जिचे धडे जगभरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घेतात, ती त्यांनी डोळे मिटून घालवली. जाग्या झाल्या त्या शेवटी, गावकरी गाणी म्हणत भाताची लावणी करतात तेव्हा. 'लावणी लागली, चला,' म्हणाल्या आणि औषध घ्यायला उठल्या. शेऱ्यात काय लिहावं? मी लिहिलं: 'भात.'

नंतर एका रविवारी लेकीच्या मैत्रिणी आल्या म्हणून 'सैराट' लावला. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २०१६ साली मी थिएटरात पाहिलेला आणि शेवटच्या काही मिनिटांत आख्खं थिएटर कसं गार पडलं होतं ते अजून लक्षात आहे. छोट्याची लाल पावलं उमटत जातात आणि पडद्यावरचा आवाज नाहीसा होतो. रडणं दिसतं, ऐकू येत नाही. घरातही मुली श्वास धरून बसलेल्या. त्या शांततेत नवरा उठला.

'आवाज गेला.'

'गेला नाही, असंच आहे. बस.'

'असं कसं असेल? मगाशी गाण्यांना किती दणदणीत होता.' तो टीव्हीच्या मागे गेला. स्पीकरची वायर काढून घातली. मग रिमोटनं आवाज वाढवायला घेतला. तीस, चाळीस, साठ. पडद्यावर ते मूल, आणि त्याच्या डोक्यावरून आवाजाची हिरवी पट्टी पुढेपुढे सरकतेय. मी रिमोट हिसकावला तोवर सिनेमा संपून दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाची जाहिरात आपोआप सुरू झाली. साठवर. समोरच्या इमारतीतले दिवे लागले. एक मैत्रीण दचकून रडायला लागली, ती सिनेमामुळे की जाहिरातीमुळे, हे तिलाही सांगता येईना. संगीतात इतकं सगळं करून झाल्यावर दिग्दर्शकानं शेवटाला आवाजच काढून घ्यावा, हे धाडस. आणि ते आमच्या हॉलमध्ये वायर सैल आहे म्हणून खपलं.

आता त्या बटाट्याच्या सिनेमाकडे येते.

'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकातर्फे दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वश्रेष्ठ सिनेमांसाठी समीक्षकांचा कौल घेतात. २०२२ साली त्यात पहिला आला शांताल आकरमान या बेल्जियन बाईंचा १९७५चा सिनेमा. तोवर तिथे बाईचा सिनेमा पहिला आला नव्हता. ऐन पंचविशीतल्या मुलीनं बहुतेक बायकांनाच घेऊन तो काढला. नाव 'झान दिएलमान', म्हणजे सिनेमातल्या बाईचंच नाव, आणि त्यापुढे तिच्या घराचा पत्ता. घर नंबर, रस्ता, पिनकोडसकट ब्रुसेल. नवरा म्हणाला, हे सिनेमाचं नाव आहे की कुरिअर? लांबी २०१ मिनिटं. लेकीनं लगेच हिशेब केला, दीडवर टाकलास तर १३४. दोघांनाही मी बाहेर पाठवलं. दुपारची वेळ, घरात मी आणि सासूबाई. त्या मटार सोलत होत्या. म्हटलं, त्यांना पाच मिनिटांत झोप लागेल आणि मला एकदाचं काहीतरी सलग पाहायला मिळेल.

या सिनेमात एक विधवा बाई घरकाम करते. बस. तीन दिवस. बटाटे उकडत ठेवते, भांडी घासते, मुलाचे बूट चमकवते, पलंग आवरते. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि हे सगळं जितका वेळ लागतो तितका वेळ दाखवतो. बोलणं जवळजवळ नाही. आणि बोलणं नाही म्हणजे सबटायटल्स नाहीत, म्हणजे मी नको. सासूबाईंच्या आयुष्यातला हा पहिला परदेशी सिनेमा, जो त्यांना कुणाच्या मदतीशिवाय पाहता आला. मटार तसेच राहिले.

'बाई गुणाची आहे,' त्या म्हणाल्या. 'खोलीतून निघाली की दिवा मालवते बघ.' खरंच मालवते. दर वेळी. मी कोर्समध्ये हा सिनेमा पाहिला होता, त्यावर निबंध लिहिला होता, काळ आणि अवकाश यांच्यावर चार पानं खर्च केली होती. दिवा माझ्या लक्षात आला नव्हता.

अडचण वेगळीच होती. त्या बाईकडे रोज दुपारी एक पाहुणा येतो. आत जातात, दार लागतं, थोड्या वेळानं तो पैसे देऊन निघतो. आता हे काय म्हणून सांगायचं? पहिल्या पाहुण्याला मी घसा खाकरून म्हटलं, 'हे बहुतेक... शिकवणी घेतात.' सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. 'शिकवणी,' त्या म्हणाल्या. मग बाई जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्याचं झाकण उचलून त्यात नोटा ठेवते ते दृश्य आलं. 'मी डाळीच्या डब्यात ठेवायची. तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.' थांबल्या. 'माझे भिशीचे होते. उगाच भलतं मनात आणू नकोस.'

दुसऱ्या दिवशीचा पाहुणा गेला आणि बाई स्वयंपाकघरात येऊन पातेल्याकडे बघत राहिली.

'गेले,' सासूबाई म्हणाल्या.

'काय गेलं?'

'बटाटे. लगदा झाला असणार. नेहमीपेक्षा उशीर झाला तिला आत.'

बाई पातेलं हातात धरून घरभर हिंडते. या खोलीतून त्या खोलीत. कुठे ठेवावं सुचत नाही. जगातले बडे समीक्षक या क्षणाला सिनेमाची कलाटणी म्हणतात आणि तो पकडायला त्यांना पुस्तकं लिहावी लागली. सासूबाई शेंगा बाजूला सारून ताठ बसल्या होत्या. 'आता हिचं काही खरं नाही,' म्हणाल्या. 'सुपाच्या भांड्याचं झाकणही उघडंच राहिलंय.'

तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडते, पुन्हा करते, तीही पटत नाही. रिकाम्या वेळेत बाई नुसती खुर्चीत बसून राहते. मला डुलकी लागली ती इथेच. बेल नाही, कुकर नाही, नणंदेचा फोन नाही, अशी दुपार मिळाली आणि मी झोपले. जाग आली ती सासूबाईंनी दंड हलवल्यावर. पडद्यावर बाई अंधारात टेबलाशी बसलेली, ब्लाउजवर रक्त.

'काय झालं?' मी विचारलं.

मग सासूबाईंनी मला सिनेमा सांगितला. तिसरा पाहुणा, आरशासमोरचं कपडे घालणं, कात्री, सगळं, आणि एकदाही पडद्यावरची नजर न काढता. त्यांचं भाषांतर माझ्यासारखं एका वाक्यानं मागे पडत नव्हतं. कात्री आली कुठून तेही त्यांना ठाऊक होतं. पार्सल उघडायला आणलेली, जागेवर ठेवायची राहून गेली. 'परवाची ती असती तर कात्री जागेवर गेली असती.' संपल्यावर त्यांनी लेकाला फोन करून येताना बटाटे आणायला सांगितलं.

डायरीत त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं अक्षर आहे, कारण पाहिला त्यांनी. 'चांगला आहे. जरा लवकर गॅस बंद करायला हवा होता.'

बातमी भजनी मंडळात गेली आहे. येत्या बुधवारी चौघी जणी दुपारी आमच्याकडे येणार, 'बटाट्याचा पिक्चर' पाहायला. शिकवणीचं मी काहीएक सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. ते त्या त्यांच्या पद्धतीनं सांगणार. मला फक्त चहाचं बघायचंय. २०१ मिनिटं, चार पाहुण्या, त्यातल्या दोघींना मधुमेह, आणि या बाईंनी मध्यंतर ठेवलेलं नाही.