दहाला अंथरुणात, बाराला झोप

सदाशिव पेठेतल्या अमृततुल्याबाहेरचा कट्टा. विषय, वयात आलेली पोरं रात्री वेळेवर झोपत का नाहीत. नानांनी निकाल देऊन टाकला, "मोबाईल काढून घ्या. दोन दिवसांत पोरं नऊला घोरायला लागतील."

"काढून घ्या की," डॉक्टर म्हणाले. "तरी नऊला नाही घोरणार. वयात येताना मेंदूतलं घड्याळच तास-दोन तास पुढे ढकललं जातं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. दहाला टक्क जागा असलेला पोरगा माज करत नसतो."

"आणि शाळा सातची," मास्तरांनी हिशेब मांडला. "व्हॅन सव्वासहाला, म्हणजे उठायचं साडेपाचला. अकराला झोप लागली तर साडेसहा तास. या वयाला लागतात आठ ते दहा."

"सरकारने वेळ बदलली ना?"

"चौथीपर्यंत, नाना. 2024-25 पासून ते वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणाले. ज्यांचं घड्याळ खरोखर सरकतं ते आठवी-दहावीवाले राहिले जिथल्या तिथे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 सालीच सांगितलंय, मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आत नको. पण आपल्याकडे एका इमारतीत दोन शिफ्ट. सकाळची पुढे सरकवली की दुपारची सुटणार रात्री."

"ते होईल तेव्हा होईल. घरी काय करायचं?"

डॉक्टरांचं म्हणणं, सगळे आईबाप चुकीच्या टोकाला धरतात. झोपायची वेळ हुकमाने ठरत नाही, उठायची ठरवता येते. ती पक्की करा, रविवारीही फार तर तासभर सूट. अकरापर्यंत लोळू दिलं की घड्याळ आणखी पुढे ढकललं जातं, आणि रविवारी रात्री पोर छताकडे बघत पडतं. उठल्यावर वीस-तीस मिनिटं बाहेरचा उजेड डोळ्यांवर हवा. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा मधल्या सुट्टीत मैदानावर पिटाळा.

"दुपारची झोप?" एक ते चार हा पुण्यात श्रद्धेचा विषय, त्यामुळे नाना सावरून बसले.

"जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं, ती झोपेची भूक समजा. दुपारी अडीच तास ताणून दिली की भूक मोडली. रात्री पान वाढून काय उपयोग?"

"साडेपाचला उठलेल्या लेकराला दुपारीही झोपू द्यायचं नाही?" मास्तर तापले.

"द्यायचं. अर्धा तास, गजर लावून, तीनच्या आत. आणि चारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं. परीक्षेत नऊला प्यायलेली कॉफी दोनला निम्मी अंगात असते."

खरा घोळ पुढेच आहे. झोप नसताना दहाला अंथरुणात कोंबलेलं पोर दोन तास करतं काय? काळजी. महिनाभर हे चाललं की पाठ टेकली रे टेकली, छाती धडधडायला लागते. म्हणून पेंग आल्यावरच आडवं व्हायचं. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, पेंग आली की परत. घड्याळ बघायचं नाही. बघितलं की 'आता पाचच तास उरले' सुरू. वन बीएचकेत अभ्यासही पलंगावरच होतो, तिथे अभ्यासाला खाली सतरंजी टाका, पलंग फक्त झोपेला.

काळजीलाही वेळ द्यायची. संध्याकाळी पंधरा मिनिटं, वहीत दोन रकाने: डावीकडे चिंता, उजवीकडे उद्याचं पहिलं काम. 'गणित बुडणार' यासमोर 'नीट अभ्यास करणे' लिहिलं तर फुकट. 'सराव संचातली पहिली तीन उदाहरणं' असं हवं. झोपताना ही वही काढायची नाही आणि आईने ती वाचायची नाही. एकदा वाचली की पुढच्या पानांवर खोटंच येणार.

"त्या मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात म्हणे?"

"आपल्या मनाने नको, नाना. वेळ चुकली तर घड्याळ उलट सरकतं. त्यापेक्षा पोरगं घोरतं का, रात्री पायांत वळवळ होते का, ते बघा. घोरण्यामागे ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या वाढलेल्या गाठी, असू शकतात, वळवळीमागे लोहाची कमतरता. दोन आठवडे सतत उदास असेल, शाळा टाळत असेल तर दाखवाच. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी, एकटं न सोडता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो."

"म्हणजे मोबाईल राहू द्यायचा?"

"छे! रात्री चार्जिंग हॉलमध्ये. घरातल्या सगळ्यांचे."

नाना चहाचे पैसे द्यायला उठले.