कमाईच्या तराजूत जेम्स स्टुअर्ट
हॉलिवूड अभिनेते जेम्स स्टुअर्ट यांच्या चित्रपटांची क्रमवारी लावणाऱ्या तुमच्या लेखात प्रथम प्रदर्शनाच्या वेळची कमाई आणि समीक्षकांची पसंती यांना समान महत्त्व दिले आहे, ही पद्धत मला अन्यायकारक वाटते. १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ तेव्हा तिकीटबारीवर अपयशी ठरला. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेल्यामुळे दूरचित्रवाणी केंद्रे तो शुल्क न देता नाताळात वारंवार दाखवू लागली आणि तो अमेरिकेत घरोघरी पोहोचला. १९५८ मध्ये संमिश्र प्रतिसाद मिळालेला ‘व्हर्टिगो’ तर ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०१२ च्या सर्वोत्तम चित्रपटांच्या समीक्षक-कौलात पहिला आला. ऑस्कर त्यांना ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी मिळाले, तरी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’मध्ये त्यांनी साकारलेला वकील मला अधिक सखोल वाटतो आणि तो चित्रपट क्रमवारीत पहिल्या पाचांत असायलाच हवा.