मुलांना पाठीला पाठ लावून उभं करू नका

आज दुपारी बडोद्यात मांजलपूरला नात्यात वास्तुशांत होती. पानं वाढायला घेतली होती, तेवढ्यात आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी सातवीतल्या एका मुलाला हाक मारली. मग त्याच्या सहावीतल्या मामेबहिणीला बोलावलं आणि भर हॉलमध्ये दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर तळहात सपाट ठेवून मोजलं. ती चार बोटं उंच भरली. "अरे, पोरीपेक्षा बुटका राहिलास की! आई दूध देत नाही का?"

सगळे हसले. मुलगाही हसला, कारण दुसरं काय करणार बिचारा. नंतर पंगतीत तो दिसला नाही. गाडीत जाऊन बसला होता. आईनं बोलावलं तर "भूक नाही" म्हणाला. पानात श्रीखंड असताना बारा वर्षांच्या मुलाला भूक नाही!

घरी आल्यापासून डोकं तडकलंय, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ असाच होता. दांडिया बाजारात आमच्या जुन्या घराच्या आसपासची पोरं, मराठी असोत की गुजराती, सगळी त्याला 'बटको' म्हणायची. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तो कायम पहिला. उत्तरायणला गच्चीवर बाकीचे पतंग उडवायचे आणि फिरकी धरायला हा. "तुझा हात कुठे पुरणार?" म्हणे. पतंग उडवायला हात कशाला पुरायला हवा हो? दोर बोटांत असतो. पण मोठी पोरं म्हणाली आणि गच्चीवरच्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या, झालं.

आता जरा नीट ऐका. साधारण सहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला 5-6 सेंटिमीटर उंच होतं आणि वजन 2-3 किलोनं वाढतं. रोज पाहणाऱ्याला कळतही नाही. मग एकदम उसळी येते आणि ती प्रत्येकाला आपापल्या वेळी येते. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात 8 ते 13 या वयात कधीही होते, मुलांमध्ये 9 ते 14 मध्ये. म्हणजे एकाच बाकावर बसणारी, एकाच वयाची, पूर्ण निरोगी दोन मुलं शरीरानं काही वर्षांच्या अंतरावर असू शकतात. त्यात मुलींची उंची सुरुवातीच्या टप्प्यातच, पाळी यायच्या आधी, झपाट्यानं वाढते. मुलांची साधारण दोन वर्षं उशिरा. सहावी-सातवीत मुली उंच दिसणारच! काकांनी आज जे मोजलं त्यावरून त्या मुलाबद्दल काहीही कळत नाही. काहीही नाही.

माझ्या भावाची उंची दहावीनंतर वाढली. बाबांचंही तसंच झालं होतं. आजी सांगायची, कॉलेजात गेल्यावर यांच्या विजारी आखूड व्हायला लागल्या. घरातच उदाहरण होतं, पण ते कोणाला आठवलं नाही. भावाला दाराच्या गजाला लटकायला लावलं, कसल्या कसल्या पावडरी दुधात घातल्या. लटकून उंची वाढत नाही. हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो, तिथून हाड लांब होतं आणि त्याला हुकूम आपल्या गजाचा नसतो, शरीरातल्या संप्रेरकांचा असतो.

बरं, मान्य, कधी कधी खरंच काही असतं. थायरॉइड, सिलिअॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार), ग्रोथ हार्मोनची कमतरता, कुपोषण. पण ते ओळखायचं काम बालरोगतज्ज्ञांचं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सनं 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या आपल्याकडच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते दिलेत. डॉक्टर त्यावर ठिपके मांडतात, आईवडिलांची उंची विचारतात आणि मूल आपल्याच रेषेनं पुढे जातंय का ते बघतात. एका दिवसाच्या मापावर तेही निकाल देत नाहीत. आपण मात्र देतो, वर श्रीखंड खातो.

मला जास्त राग कशाचा येतो सांगू? आपण हे नेमकं कोणत्या वयात करतो त्याचा. बालवाडीतल्या मुलाला विचारा, सगळ्यात जोरात कोण पळतं? "मी!" पाचांना विचारा, पाचही "मी" म्हणतील. तेच तिसरीत विचारा, मूल क्षणभर थांबतं आणि दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगतं. सात-आठ वर्षांच्या सुमारास मूल स्वतःला इतरांशी लावून बघायला शिकतं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं सहा ते बारा या काळाबद्दल म्हटलंय की या वयात 'मला काहीतरी जमतं' हा विश्वास रुजतो, नाहीतर कमीपणाची भावना घर करते. म्हणजे मूल आधीच हातात तराजू घेऊन उभं असतं. त्यात आपण येऊन एका पारड्यात दगड टाकायचा!

भाऊ बॅटिंग चांगली करायचा, खरंच चांगली. पण निवडीला गेला की धिप्पाड पोरं आधी उचलली जायची. अकरा-बारा वर्षांच्या गटात हे सर्रास होतं. जो आधी वयात आला त्याचा चेंडू लांब जातो, लोकांना वाटतं गुण आहे. भाऊ मागे पडला, मग मैदानावर जायचाच बंद झाला. त्याच्याबरोबर त्याचे मित्रही सुटले, हे कोणी मोजत नाही. या वयात मैत्री खेळातूनच होते. भांडण, रुसवा, समेट, नियम मोडणं, परत जोडणं, सगळं तिथेच शिकायचं असतं. कोणी म्हणेल, आपल्याच बडोद्याचे किरण मोरे बघा, लहान चणीचे, तरी भारतासाठी 49 कसोटी खेळले. हो, अभिमान आहेच. पण बुटक्या मुलानं टोमण्यांतून सुटण्यासाठी कसोटीपटूच व्हायचं का?

आणि ती मुलगी. सगळं त्या मुलाबद्दलच लिहीत गेले, पण ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. तीही हसली होती, पण खांदे पुढे घेऊन, पाठीत वाकून. त्यानंतर दिवसभर ती तशीच वाकून बसली होती. लवकर वाढलेल्या मुलीचं कोणी बोलतच नाही. बोललं तर "घोडी झालीस, आता नीट बस." अहो, शरीर पुढे गेलं म्हणून मन पंधरा वर्षांचं होत नाही. तिला अजून लंगडी खेळायची असते, रात्री आईच्या कुशीत झोपायचं असतं. तिला कुणीतरी जवळ बसवून शांतपणे सांगायला हवं की तुझ्या शरीरात हे असं होणार आहे, यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तुझ्या मैत्रिणींचंही होईल, मागेपुढे. किती घरांत सांगतात? पाळी आली की कपाटातलं पाकीट दाखवलं, संपलं.

शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं, कलम 17 नं, मनाई आहे. घरातल्या हॉलला कलम लागत नाही. याच शहरात सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलांचं ते वय वाया जाऊ नये म्हणून. आपण महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो आणि घरी येऊन त्याच वयाच्या पोराला चारचौघांत खाली पाडतो.

आता कोणीतरी म्हणणारच, "आम्हालाही चिडवायचे, आमचं काय बिघडलं?" बिघडलं, दादा. तुम्हीच आज तेच करताय, यापेक्षा जास्त काय बिघडायचं असतं? माझा भाऊ आज पाच फूट नऊ इंच आहे, चांगली नोकरी आहे, पोरंबाळं आहेत. उत्तरायणला गच्चीवर आला की अजूनही आपणहून फिरकी उचलतो. कोणी सांगत नाही तरी.

काका वाईट नाहीत, हेही लिहायला हवं. माझ्या बाबांच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसले होते. त्यांना वाटतं, ही माया आहे, गंमत आहे. म्हणूनच मी त्यांना उद्या सकाळी फोन करणार आहे. मोठ्यांना सुनावू नये असं मलाही शिकवलंय आणि आवाज चढवणारही नाही. पण सांगणार, की तुम्ही त्या मुलाकडे जा, एकट्यानं जा, आणि त्याला काय आवडतं ते विचारा. त्याची आई हे बोलू शकत नाही, ती त्या घरची सून आहे. मी बोलू शकते.