पेठेत कॉम्प्लेक्स काढताय? मग हे वाचाच

पुण्याच्या जुन्या पेठेत, समोरून रिक्षा आली की स्कूटर मागे घ्यावी लागते अशा बोळात, काचेचं व्यापारी संकुल उभारायचं तुम्ही मनावर घेतलंय. छान. आता आधी टेप काढा. शनिवारवाड्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत असाल, तर २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर नवं बांधकाम बंद. पुढच्या २०० मीटरांत परवानगीचे हेलपाटे. तिथून बाहेर एक पाऊल पडलं की इतिहासाशी तुमचा संबंध संपला. पेशवाई टेपच्या टोकाला बुडते.

मग पाडायच्या वाड्यात एक चक्कर मारा. रस्त्याकडेला दुकानं, वर सज्जा, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी. खाली धंदा, वर बिऱ्हाडं, आणि मधून उजेड-वारा फुकट. फुकटाला बाजारात किंमत नसते, म्हणून चौक आधी बुजवावा. मग साधारण त्याच जागी, त्याच मापाचं ॲट्रियम काढावं, वर पॉलीकार्बोनेटचं छत घालावं, आत एसीचा गारवा सोडावा आणि ब्रोशरमध्ये ‘वाडा संस्कृतीचा आधुनिक आविष्कार’ असं छापावं. चौकाचं भाडं कुणी देत नव्हतं. ॲट्रियमचा मेंटेनन्स चौरस फुटावर लावता येतो.

सागवानी खांब आणि तुळया उतरवून विकून टाका. प्रवेशद्वाराला फायबरच्या महिरपी लावा आणि त्यांना सागवानी रंग द्या. जवळ जाऊन टिचकी मारणारे लोक पेठेत निघतातच, त्यांना सिक्युरिटीने हटकावं.

दर्शनी बाजू पश्चिमेला असेल तर काच जमिनीपासून गच्चीपर्यंत घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी आत भट्टी पेटेल, त्यावर उपाय म्हणून एसी वाढवा, आणि त्यांची बाहेरची यंत्रं समोरच्या वाड्याच्या खिडकीकडे फुंकतील अशी टांगा. काच उघडणारी मुळीच नको. अनंत चतुर्दशीला सज्ज्यात दाटीवाटीने उभं राहून मिरवणूक बघायचे दिवस गेले. आता ढोलाचा ठेका काचेच्या थरथरण्यावरून ओळखायचा.

खरी कल्पकता मात्र तळघरात लागते. मंडईखाली २०२४ पासून मेट्रो थांबते, तेव्हा एवढं पार्किंग कशाला, असं एखादा तरुण आर्किटेक्ट म्हणेल. त्याला एलिव्हेशनचे रंग निवडायला बसवा आणि दोन तळघरं खणायला घ्या. शेजारचा वाडा जुन्या दगड-विटांचा, निम्मा तुमच्याच भिंतीच्या आधाराने उभा. त्याला तडा जाणारच. तडा आधीपासूनच होता, हे ठामपणे सांगता यावं म्हणून खणण्यापूर्वी त्या भिंतींचे फोटो काढू नयेत. फोटो निघाला की पुरावा झाला.

आणखी एक धोका आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणलं होतं. स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात २०१९ साली एक जुनं भुयार लागलं आणि लगेच अभ्यासक आले, पेपरवाले आले. तुमच्याकडे तसलं काही लागलंच, तर पेपरवाल्यांच्या आधी काँक्रीटची गाडी पोचली पाहिजे. बांधकामाचं वेळापत्रक म्हणतात ते हेच.

गुंतवणूकदारांना पेठा फिरवून आणताना मंडई तेवढी टाळा. तीही आपल्या काळी नवंकोरं व्यापारी संकुलच होती. १८८६ मध्ये बांधून झाली, नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्यातून फुटलेल्या लांबलचक शाखा, वर उंच उतरतं छप्पर. आजही तिथे एसीशिवाय भाजी विकली जाते. हे पाहून एखाद्याला नको ते प्रश्न पडायचे. मंडईची एक गोष्ट मात्र कामाची आहे. जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच. तेव्हा तुमच्या प्रकल्पाविरुद्ध सह्या गोळा करत फिरणाऱ्या निवृत्त मास्तरांशी भांडू नका. फूड कोर्टला नाव लागेलच की.

राहता राहिला लॉबीतला ‘हेरिटेज कॉर्नर’. तिथे तांब्याचा घंगाळ आणि दोन मोठे हंडे हवेतच, तेही हाताने ठोकलेले, मठारकामाचे. ते कसबा पेठेतल्या तांबट आळीत मिळतात. प्रकल्पाचा दुसरा टप्पा त्याच बाजूला सरकणार असेल, तर ऑर्डर आधी द्या, माल ताब्यात घ्या आणि जागा खाली करायची नोटीस त्यानंतर धाडा. उलट केलंत तर घासाघीस करता येत नाही.